निवृत्तीची तालीम

जिंतुरात बारा वेळा रिटायर झालेला माणूस एकच, आणि तो माझा घरमालक आहे. बाकीचे लोक एकदाच निवृत्त होतात, तेही हार गळ्यात असताना डोळे पुसत. आमच्या घरमालकांनी मात्र नोकरी चालू असताना, स्वखुशीनं, दर वर्षी एक महिना निवृत्त होण्याचा नेम धरला होता. त्या महिन्यात पगाराला हात लावायचा नाही. म्हातारपणी दरमहा जेवढे हातात पडतील असा त्यांचा अंदाज, तेवढेच बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, हवाली करायचे आणि तेवढ्यात महिना काढून दाखवायचा. ह्याला ते तालीम म्हणत. कारण सरळ होतं. ते एका खाजगी कॉलेजात हेडक्लार्क. उमेदीची वर्षं विनाअनुदानित तुकडीवर फुकट राबण्यात गेली, आणि कायम होईपर्यंत जुनी पेन्शन बंद झालेली. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहते आणि एका संघटनेचं काम करते. आयुष्यभर राबलेल्या माणसाला म्हातारपणी पेन्शन मिळाली पाहिजे, मग तो क्लार्क असो नाहीतर हॉटेलात कपबशा धुणारा, ही आमची मागणी. त्यामुळे खाली तालीम आणि वर मोर्चाची तयारी, असं ते घर चालायचं. पहिल्याच वर्षी मी त्यांना तोंडावर सांगितलं, की काका, तुम्ही सराव करताय तो अन्यायाचा सराव आहे, तुम्ही ह्या महिन्यात उपाशी राहायला नाही, रस्त्यावर यायला पाहिजे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पुढारीणबाई, तुमी रस्ता सांभाळा, मी डाळ सांभाळतो. दोघातलं एक तरी शिजंल."

तालीम म्हणजे नुसती काटकसर नव्हे. काटकसर तर चिकट माणूसही करतो, आणि घरमालक चिकट नव्हते. तालमीचा महिना संपला की दुसऱ्याच दिवशी अख्ख्या गल्लीला पेढे वाटायचे. पण त्या महिन्यात ते कायद्याचे पक्के. काकूंना साखर जास्तीची लागली तर लेखी अर्ज करावा लागे, आणि अर्जात कारण लिहावं लागे. काकूंनी एकदा 'तुमचे मित्र' एवढंच कारण लिहून अर्ज पुढं केला, तो विनाचौकशी मंजूर झाला. म्हातारपणी आजारपण येणारच, म्हणून महिन्यातला एक दिवस आजारपणाचा. त्या दिवशी ठणठणीत माणूस डोक्याला पट्टी बांधून सकाळपासून खाटेवर पडायचा, काकूंनी दवाखान्यापर्यंत चालत जाऊन गोळ्यांचे भाव विचारून यायचे. मी नवीन होते, मला काय माहीत. मी घाबरून मोसंब्या घेऊन खाली धावले, तर पेशंट उठून बसला आणि विचारतो, "कशा दिल्या किलो?" मी भाव सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आडवे झाले. "एवढा महागाचा आजार आपल्याला परवडणार न्हाई. उद्यापासून साधा ताप धरा."

एका वर्षी तर त्यांनी हद्दच केली. सगळ्या खर्चांचा अंदाज झाला, शेवटचाच तेवढा राहिला, असं म्हणून ते बाजारात सामानाच्या दुकानात गेले, जिथं बांबू, मडकं आणि पांढरं कापड मिळतं तिथं. दुकानदार गल्ल्यावरून उठून उभाच राहिला, हात जोडून म्हणाला, "कोण गेलं हो साहेब?" "अजून कुणी न्हाई," घरमालक म्हणाले, "भाव विचारायलोय." ही हकीकत त्यांनी घरी येऊन मोठ्या समाधानानं सांगितली. मी संतापून काहीतरी बोलणार, तेवढ्यात भाकरी थापता थापता काकूंनी विचारलं, "माझाबी विचारला का?"

"विचारला की. दोन घेतले तर कमी करतो म्हणला."

"मग दुसरीकडं बघा. ह्यो पहिल्यापासूनच जास्त सांगतो," काकू म्हणाल्या, आणि दोघं इतके हसले की तव्यावरची भाकरी करपली. मी वर जाऊन त्या रात्री पत्रकात लिहिलं, की ज्या देशात म्हाताऱ्यांना आपल्या तिरडीचा भाव आधी विचारून ठेवावा लागतो त्या देशाला लाज वाटली पाहिजे. हे वाक्य आजही माझं मत आहे. पण लिहिताना मीही हसत होते, हे पत्रकात छापता येत नाही.

यंदाची तालीम शेवटची, कारण महिनाभरानं ते खरोखर रिटायर होणार होते. आणि ही तालीम नव्हतीच, परीक्षा होती. पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत असलेल्या मुलानं वर्षभर लकडा लावला होता, की जिंतूरचं घर विका आणि दोघं माझ्याकडे या. मुलगा वाईट नाही. आईबापाची काळजी वाटते म्हणूनच सांगत होता. शेवटी घरमालकांनी शब्द दिला: ह्या तालमीत पास झालो तर इथंच राहू, नापास झालो तर घर विकून तुझ्याकडे. काकू पुण्याला एकदा पंधरा दिवस राहून आल्या होत्या. सातव्या मजल्यावरून खाली बघितलं की माणसं दिसतात, पण कुणाला हाक मारावी असं कुणी दिसत नाही, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. नवऱ्याला तेही सांगितलं नव्हतं. "त्येंनी शब्द दिलाय," म्हणायच्या, "आता पास व्हायचं बघू."

आणि ह्या सद्गृहस्थांनी परीक्षेसाठी महिना निवडला तो धोंड्याचा! तीन वर्षांतून एकदा अधिक महिना येतो, जावयाला बोलवून पुरणाचे धोंडे करून घालायचे, त्याला कपडे करायचे, वर तेहतीस अनारसे नाहीतर बत्तासे द्यायचे. आमच्याकडे ह्यात सासऱ्याची वर्षाची शिल्लक वितळते. मी म्हटलं, काका, जगात दुसरा महिना नव्हता का? तर म्हणाले, "म्हातारपणी काय धोंड्याचा महिना यायचा बंद होतो का? सोपा पेपर काढून पास होण्यात काय मतलब हाय?"

मग मात्र आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे काकू, मी आणि पेडगावचे जावई. जावई शेतकरी, म्हशी बाळगून आहेत, आणि जेवायला बसले की पातेल्याचा तळ बघूनच उठतात. सासूबाईंनी फोनवर काय सांगितलं देव जाणे, पण धोंडे खायला ते आले तेच गाडीला तुपाची बरणी, हरभऱ्याची डाळ आणि गुळाची ढेप बांधून. "आमच्या आईनं दिलंय, परत नेलं तर मला घरात घेणार न्हाई," म्हणाले. धोंड्याच्या महिन्यात जावयानंच सासऱ्याला वाण द्यावं, असं आमच्या गल्लीत आधी कधी घडलं नव्हतं. सासरे दारात उभे राहून बरणीकडे आणि जावयाकडे आळीपाळीनं बघत राहिले. मग जावयानं कपडे नाकारले, "मागच्या धोंड्याचेच अजून अंगाला होईनात, जाड झालोय." बत्तासे मात्र तेहतीस मोजून घेतले आणि त्यातले पाच-सहा दारातच खाल्ले. शेजारणीच्या घरून रोज काहीतरी वाटीत येऊ लागलं, कधी अंबाडीची भाजी, कधी कढी, आणि वाटी परत घ्यायला ती गडबडीनं यायची म्हणजे वाटीत उलटं काही भरून द्यायला वेळ मिळू नये. मी दूधवाल्याला गाठलं. अर्ध्या दुधाचे पैसे मी देत जाईन, खाली भाव उतरलाय म्हणून सांगायचं, असं ठरवलं.

इथं मी चुकले. दुधाच्या भाववाढीवर तीन पत्रकं लिहिलेल्या बाईनं, ऐन उन्हाळ्यात, म्हशी आटलेल्या असताना, दुधाचा भाव उतरवला! घरमालक मुकाट्यानं कॉलेजच्या वाटेवरच्या डेअरीत भाव विचारून आले, आणि महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी आम्हा दोघींना समोर बसवलं. ह्या माणसानं तीस वर्षं कॉलेजचे निकाल तयार केले. संस्थाचालकाच्या पुतण्याचा एक गुण वाढवा म्हणून दडपण आलं, तेव्हा ते रजिस्टर मांडीखाली घेऊन दोन तास बसून राहिले होते. त्यांच्यापुढं आमची काय कथा.

"महिना तर निघाला," ते म्हणाले, "उलट शिल्लक राहिली. पण कॉपी झालीय. दूध पुढारीणबाईंचं, तूप-गूळ जावयाचं, भाजी शेजारची. ह्यात माझं काय राहिलं? नापास." आणि त्यांनी पोराला लावायला फोन उचलला.

काकूंनी फोनवर हात ठेवला. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण काकूंचा एवढा चढलेला आवाज मी तरी पहिल्यांदा ऐकला. "आवं, तुमी म्हातारपणाची तालीम करायलात का वनवासाची? म्हातारं झाल्यावर ही शेजारीण मरणार हाय का? जावई परागंदा होणार हाय का? शेजारच्या पोरीची डिलिव्हरी झाली तवा परभणीच्या दवाखान्यात चार रात्री कोण बसलं होतं? जावयाच्या घरची कागदपत्रं करायला तहसीलला कोण चकरा मारायलं होतं? ते तुमी लिवलं का कुठं? ते लिवलं नसंल तर ही भाजीबी लिवू नका!"

फोन घरमालकांच्या हातातच राहिला. मग जसा एखादा अडलेला जीआर आठवावा तसे म्हणाले, "नियमात एक सोय हाय. बोर्डात खेळाडूंना वाढीव गुण देतात."

"मग मी काय कमी पळाले का महिनाभर?" काकू म्हणाल्या.

निकाल असा लागला. त्यांनी फोन लावला आणि मुलाला एवढंच सांगितलं, "पास झालो. काठावर. येत न्हाई. तूच दिवाळीला ये." काकू आत गेल्या आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, घासलेलीच भांडी परत घासल्यासारखा. मी त्यांना म्हटलं, काका, हे सगळं गोड आहे, पण शेजारणीच्या कढीवर सरकारनं सुटायचं कारण नाही. माझं म्हणणं कायम आहे, म्हातारपणाची तालीम करायची पाळी कुणावर येऊ नये. ह्यावेळी त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. म्हणाले, "तुमी जिंकलात आणि माझी बारा वर्षांची तालीम वाया गेली, तर माझ्याइतकी खुशी कुणालाच होणार न्हाई. मी तर पेढे वाटीन. पगारातनं न्हाई, पेन्शनीतनं."

मग ते खरोखर रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी मी दहाच्या सुमाराला जिना उतरत होते तर घरमालक इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून ओट्यावर उभे. कुठं निघालात, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बारा वर्षं तालीम केली ह्या माणसानं: डाळीची, साखरेची, तापाची, अगदी बांबूची सुद्धा. पण तालमीच्या महिन्यातही रोज दहा वाजता ते कॉलेजात जातच होते. सकाळी दहानंतर काय करायचं, ह्याची तालीम राहूनच गेली होती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काकू हात पुसत बाहेर आल्या. घरमालकांनी क्षणभर बायकोकडे बघितलं आणि नवख्या माणसानं पत्ता विचारावा तसं विचारलं, "ह्या वेळेला तू काय करत असतीस?"

"आता?" काकू म्हणाल्या. "स्वयंपाक आवरला की मी जरा हितं ओट्यावर बसत असते की. रोजच."

घरमालक ओट्याच्या मधोमध उभे होते. ते थोडे बाजूला सरकले. काकू आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, आणि मग खिशातलं पेन काढून हातात धरून, जरासे संकोचून, तेही शेजारी बसले.