आखाजीनंतरचं माहेर

डॉक्टरांनी टाचणी टोचली माझ्या पायाला आणि "ओ माय" म्हणाली माझी माय. मी गप्पच होते. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मग मला डोळे मिटायला लावून विचारलं, "आता कळलं?" मी हो म्हणाले. कळलं काहीच नव्हतं; पण इतक्यांदा विचारतात म्हणजे टोचत असणार, असा मी अंदाज बांधला. "आत्ता मी टोचलंच नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

ही पन्नास सालानंतरची, धुळ्याच्या दवाखान्यातली हकिगत. एक्स-रेची काच उजेडाला धरून डॉक्टरांनी मला दाखवली. "पाठ आणि कंबर जिथे मिळतात तिथला मणका मोडलाय. तो जुळेल. पण मणक्यांच्या आतून स्पायनल कॉर्ड जाते, म्हणजे डोक्याचा निरोप पायांपर्यंत नेणारी मज्जातंतूंची दोरी. ती चेचली गेलीय. कमरेखालचं अंग असं लुळं पडलं की त्याला पॅराप्लेजिया म्हणतात." मी विचारलं, चालायला कधी लागेन? ते म्हणाले, "आधी जगूया."

पडले कशी, तर हौसेने. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि कडुनिंबाला झोके बांधलेले असतात. माझं सासर जळगावशेजारच्या पिंप्राळ्याचं, माहेर धुळ्याला पांझरेपलीकडे देवपुरात. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. झोक्यावर उभं राहून सगळ्यांत उंच कोण जातं, यात मी कधी हरले नव्हते आणि त्या दिवशीही हरले नाही. खाली मात्र पाठीवर आले.

त्यानंतर माझ्यावर जे उपचार झाले ते नीट वाचा, कारण अजूनही ते होतात. चौघींनी मला हातापायांना धरून उचललं आणि पाणी पाजायला बसवलं. पाठीला मार लागलेल्या माणसाला असं कधीही उचलू नये. फळीवर आडवंच न्यावं. मग शेजारचा एकजण नस चढली म्हणून कंबर चोळून गेला. पाय गार वाटतात म्हणून मायने विटा तापवून, फडक्यात गुंडाळून पायांशी ठेवल्या. मी शांत पडून होते, म्हणून सगळ्यांना वाटलं पोरीला आराम पडला. पाय भाजल्याचं वासावरून समजलं. ज्या अंगाला काही कळत नाही त्याला शेक देऊ नका, एवढं एक वाक्य या लेखातून कोणी घेतलं तरी मला पुरे आहे.

दवाखान्यात मला प्लास्टरच्या साच्यात निजवलं. मला वर छताच्या तुळया दिसत आणि लोकांच्या हनुवट्या. लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे रबराची नळी. पहिल्यांदा ती घातली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून रडले, नंतर त्याचीही सवय झाली. त्यातच पाठीच्या खाली बेडसोअर झाला. एकाच अंगावर पडून राहिल्याने कातडी मरते आणि जखम पडते, ती ही. ती भरून यायला मणक्याला लागला त्याहून जास्त वेळ लागला. दुखत नव्हती, म्हणून तिचा मला राग यायचा. आपल्याच अंगाला एवढी जखम आणि आपल्याला तिची बातमी दुसऱ्याने द्यायची.

भेटायला येणारे सगळे आधी माझे पाय पाहायचे. एकीने तर पायांनाच विचारलं, कसं वाटतं म्हणून. मी पायांतर्फे "बरं आहे" म्हणून सांगितलं. ती गेल्यावर हसायला कोणी नव्हतं.

आमचे हे दवाखान्यात दोनदा आले. त्या काळी मोठ्यांसमोर नवराबायकोने बोलायची रीत नव्हती. हे खाटेची दांडी धरून उभे राहिले आणि आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारलं, "जेवते का?" आबा म्हणाले, "जेवस." मी तिथेच पडलेली. दुसऱ्या वेळी निघताना यांनी पुन्हा आबांनाच विचारलं, घ्यायला कधी येऊ. आबांना जावयावर भार टाकायचा नव्हता. ते ताठ मानेने म्हणाले, "चालाले लागनी का मीच कळाडसू. तुम्ही फिकीर करू नका." हे मान हलवून गेले. मला आबांचा केवढा अभिमान वाटला तेव्हा.

दिवाळीनंतर घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि आबांना समोर घेऊन सांगितलं. "चालणं येणार नाही. बसणं येईल, सरकणं येईल, हातांनी करायचं सगळं येईल. जे येणार नाही त्याची वाट पाहण्यात वर्षं घालवू नका." आबांनी घरी आल्यावर पागोटं खुंटीला लावलं आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही. पिंप्राळ्याला काय कळवायचं होतं? चालायला लागली की कळवतो म्हणाले होते. लागले नाही, तर कळवण्यासारखं काही नव्हतंच.

देवपुरातलं घर मला नव्याने शिकावं लागलं. उठून बसायला खाटेच्या वर आढ्याला दोर बांधा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. घरात तेवढा जाड दोर एकच होता, झोक्याचा. माय तो नदीत टाकायला निघाली होती. मी म्हटलं, बांध तोच. त्या दोराला धरून मी पहिल्यांदा बसले तेव्हा घर गरगर फिरलं आणि मी ओकले. पुढे पुढे बसता आलं.

बाकीचंही सांगते, कारण हे कोणी लिहीत नाही. पोटावर मुठीने दाबून लघवी कशी काढायची ते नर्सबाईंनी शिकवलं होतं. ती ठरल्या वेळी काढायची, वाट पाहायची नाही, कारण लागल्याचं कळतच नाही. रोज सकाळी हातआरसा घेऊन पाठीमागची कातडी बघायची. लाली दिसली की त्या दिवशी त्या अंगावर निजायचं नाही. जमिनीवर सरकायचं ते तळहातांवर, बुडाखाली गोधडीची घडी बांधून. सारवलेली जमीन ओली असताना सरकू नये, हे मी मायच्या शिव्या खाऊन शिकले.

हे सगळं जमत गेलं. न जमलेली गोष्ट एकच, संध्याकाळ. सकाळी करायला काहीतरी असायचं. संध्याकाळी ओट्यावर बसलं की रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे नजर जायची. आमच्यात सासरचं माणूस घ्यायला आल्याशिवाय लेक धाडत नाहीत. संक्रांतीला पिंप्राळ्याहून ओळखीच्या मोटारीबरोबर केळीचे दोन घड आले. केळी आली, माणूस आला नाही. समोरची काकू मायच्या कानात पुटपुटली ते मला ऐकू आलं, "जवाई दुसरी करी लेई, देखजो." पहिली असताना दुसरी करायला बंदी करणारा कायदा आला होता, पण काकूला कायदा कुठला ठाऊक. मला ठाऊक होता, तरी मी त्या दिवशी जेवले नाही. मला घर उरलं आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि ते विचारायची कोणाची छाती होत नव्हती. माझीही नव्हती.

पुन्हा आखाजी आली. गल्लीतल्या माझ्या मैत्रिणी माहेरी आल्या. त्यांनी माझ्या मनाला लागू नये म्हणून झोका दूर, दुसऱ्या गल्लीत बांधला. गाणी तरी ऐकू येतच होती. मी ओट्यावर बसून डाळ निवडत होते. मग एकेकीला घ्यायला कोणी दीर, कोणी सासरा आला, आणि ओट्यावरच्या मला हात करून सगळ्या गेल्या. मी मागच्या आखाजीची आलेली, अजून इथेच. इतकं एकटं मला दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

त्या रात्रीच्या जेवणाला मी आबांना म्हटलं, "आबा, मी पिंप्राळाले जास."

आबा म्हणाले, "कोनी लेवाले ऊना नही तं पोर कशी धाडसू?"

"माले आठे लयाले भाऊ ऊना व्हता, त्याच्यासंगे मीच जासू." ज्या भावाने मागच्या आखाजीला मला आणलं त्याच्याबरोबरच परत जायचं, असा माझा हिशेब.

"दारमातून परत धाडं तं?"

"परत येसू. पन समजी तं जाई."

माय पदराने डोळे पुसत भाकरी थापत राहिली. आबांनी आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोर सोडी ले. तठे लागी."

भावाने आढ्याचा दोर सोडून सोबत घेतला आणि मला उचलून गाडीत घातलं. चाळीसगावला गाडी बदलताना फलाटावर हमालाच्या हातगाडीवर बसून मी सामानासारखी इकडून तिकडे गेले. लोक पाहत होते. मी पण त्यांच्याकडे पाहिलं. जळगाव स्टेशनापासून पिंप्राळ्यापर्यंत बैलगाडी होती. वाटभर मी दारात काय बोलायचं ते पाठ करत होते.

दारात सासूबाई होत्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. भावाच्या हातांवर मला पाहून त्या जागीच थांबल्या.

"चालाले नाही लागली का वं माय?" त्या म्हणाल्या. "मंग सांगाले तं पाह्यजे. आम्ही वाट पाहून राह्यलो. तुह्या आबानं सांगतलं व्हतं, चालाले लागली का कळवतो."

पाठ केलेलं काही उपयोगी पडलं नाही. भावाने मला अंगणात खाटेवर ठेवलं. तिथून मला दिसलं. ओसरीपासून न्हाणीपर्यंत दोन्ही बाजूंना केळीला टेकू देतात तसले बांबू रोवलेले, आणि त्यांवर कमरेच्या उंचीला आडव्या दांड्या बांधलेल्या. धरून चालायला. दांड्यांवर धुणं वाळत होतं, म्हणजे त्या बऱ्याच दिवसांपासूनच्या होत्या. "त्यानं केलं," अक्का म्हणाल्या. "मागच्या आखाजीनंतर. मले म्हने हात लावू नको. मंग मीच धुनं टाकाले लागली."

महिनोन्महिने मी ओट्यावर बसून रस्ता पाहिला, आणि इकडे कोणीतरी माझ्या पायांची वाट पाहत बसलं होतं. आबा खोटं बोलले नव्हते, आणि आमचे हे मला विसरले नव्हते. एका वाक्यापाशी दोन्ही घरं थांबून राहिली होती.

हे शेतातून आले. अक्का समोर होत्या, भाऊ समोर होता, तरी मी सरळ यांच्याकडे पाहून बोलले. लग्नानंतर मोठ्यांसमोर पहिल्यांदाच. "मला चालता येणार नाही. डॉक्टरांनी दिवाळीनंतरच सांगितलं. बसता येतं, सरकता येतं, बसून स्वयंपाक येतो. एवढ्यावर ठेवायचं असेल तर ठेवा."

यांनी दांड्यांकडे पाहिलं. मग बैलांना पाणी पाजायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, समजलं. भावाला मी म्हटलं, आजची रात्र राहू आणि जाऊ.

सकाळी जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. हे अंगणात उकिडवे बसून दांड्या सोडत होते. सोडलेली दांडी खाली आणायची, स्वतः जमिनीवर बसायचं, हात वर करून पाहायचं, आणि मग तिथे बांधायची. ओसरीपासून न्हाणीपर्यंत सगळ्या तशाच बांधल्या. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. भाऊ दुपारच्या गाडीने एकटा परत गेला.

आता बरीच वर्षं झाली. एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. गल्लीतल्या बायका मेहरूणच्या तलावाकडे निघतात तेव्हा मला बोलवायचं त्यांच्या लक्षात येत नाही, आणि आमचे हे अजूनही माझ्या पायांविषयी एक शब्द बोलत नाहीत. ज्यांच्या घरी असं कोणी निजून आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. बरी झाली की येऊ, बरी झाली की नेऊ, असं म्हणू नका. तशीच न्या. आणि तुम्ही स्वतः निजून असाल, आणि कोणी घ्यायला येत नसेल, तर उठायला दोर बांधा आणि निघा.

इथल्या आढ्याला तो झोक्याचा दोर अजून आहे. त्याला धरून मी रोज उठते, दांड्या धरत न्हाणीपर्यंत सरकते, आणि बसल्या बसल्या सगळ्या घराचं धुणं वाळत घालते.