डाव्या बाजूचे ओरखडे

बाबांनी गाडी विकायला होकार दिला तो एकाच अटीवर. विचारणाऱ्याला सांगायचं की आता वापर होत नाही, उभ्या उभ्या खराब होते. डोळ्यांचं नाव काढायचं नाही. डाव्या डोळ्यातला काचबिंदू डॉक्टरांनी त्यांना नीट समजावून सांगितला होता, पण बाबांच्या मते दोष अमरावतीच्या लोकांचा होता. त्यांना वाहनं धड लावताच येत नव्हती.

ती गाडी त्यांनी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतली. मी अकोल्याला दिलेली. महिन्यातून एखाद्या रविवारी ते अमरावतीहून बडनेऱ्यामार्गे निघायचे आणि जेवणाच्या वेळेला माझ्या दारात हॉर्न वाजवायचे. बसने येत जा म्हटलं की त्यांना राग यायचा.

सौद्याच्या दिवशी मी मुद्दाम सुटी काढून आले. बाबांना व्यवहार जमायचा नाही, अशी माझी खात्री. माझी जीभ चुरूचुरू चालते. भाजीवालीशी घासाघीस करायलासुद्धा आई मलाच पुढे करायची, आणि त्याचा मला गर्व होता.

गिऱ्हाईक म्हणजे चांदूर बाजारचे एक संत्र्याचे व्यापारी. पन्नाशीचे, कमी बोलणारे. बाबांना आदाब करून, चहा घेऊन ते गाडीजवळ गेले. बाबांनी सकाळीच गाडी धुतली होती आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडीच्या खोडी त्यांनीच आपणहून सांगितल्या. ड्रायव्हरकडची काच अर्ध्यावर अडकते, तळहातानं रेटावी लागते. क्लच जड आहे. एसी थंड व्हायला वेळ घेतो. नातवाच्या खोड्या सांगाव्यात इतक्या कौतुकानं सांगत होते.

मग ते गृहस्थ डाव्या बाजूला आले. तिथे पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत ओरखड्यांवर ओरखडे होते. आरसा चिकटवलेला, बंपर प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेला. त्यांनी खाली बसून बोटं फिरवली आणि विचारलं, "ठोकेल हाय काय गाडी?"

बाबा म्हणाले, फाटक अरुंद आहे. त्या गृहस्थांनी वळून फाटकाकडे पाहिलं. त्यातून ट्रॅक्टर गेला असता. सौदा हातचा जातो की काय, असं मला वाटलं.

मी हसत पुढे झाले. "गाडी कुठीच ठोकेल नाई, भाऊ. इंजिनात खोट नाई, खोट बाबाच्या डोयात हाय. डाव्या अंगाचं त्यायले दिसतच नाई."

तिथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण मला रंग चढला. हा ओरखडा फाटकाचा, हा दूधवाल्याच्या कॅनचा, हा शेजारच्या नव्या भिंतीचा. एकदा तर उभ्या म्हशीला घासून आले आणि घरात येऊन म्हणाले, कोणी तरी पोतं ठेवलं होतं. अकोल्यात जेवताना नवऱ्याला हसवायला सांगायची ती सगळी गोष्ट मी तिथे सांगितली, हातवारे करून.

ते गृहस्थ हसले नाहीत. उठले, रुमालानं हात पुसले आणि हळूच म्हणाले, "ताई, गाडी मले पटली. पन काकाजीच्या समोर असं काहून बोलून राहिल्या?"

मी मागे पाहिलं. बाबा ओट्याच्या खांबाला हात लावून उभे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसं नाही हो बाबा, असं म्हणायला तोंड उघडलं, पण तसंच होतं. एका सौद्यापायी मी माझ्या बापाचं परक्या माणसापुढे हसं केलं होतं.

सावरून घ्यायला म्हणून असेल, त्या गृहस्थांनी चावी बाबांपुढे धरली. "चला काकाजी, गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर तुमीच मारून दाखवा."

बाबा एक पायरी उतरले. हात पुढे आला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"नोको," ते म्हणाले. "मले दिसत नाई. पोरगी खरं सांगून राहिली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी त्या माणसापुढे खोटी पडू नये, म्हणून ते तसं बोलले.