करंजाच्या फांद्या आणि आमची जळकी टेकडी

किश्श्यांचं पाचोळ्यासारखं असतं. आज झाडून टाकावा, तर उद्या तेवढाच ढीग! मी चौथी नापास माणूस, लिहिताना हात दुखतो. पण नातू विचारतो, "आबा, चाकणला जंगल कधी होतं?" हा वाकडला फ्लॅटात राहणार, कंपनीत शिफ्ट करणार, याला काय डोंबल कळणार!

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमच्यात फाल्गुनात डोंगराला काडी लावायची रीत. जुनं गवत जळलं की नवं जोमानं येतं म्हणे. एका साली वारा फिरला आणि अख्खी टेकडी कोळसा झाली. सरकारनं पुन्हा झाडं लावायला आमची वीस माणसांची टोळी धरली. वर फॉरेस्ट गार्ड भिकोबा, आमच्याच गावचा. त्याला साहेबांनी बजावलेलं, "तीन वर्षांत झाडं उभी दिसली नाहीत, तर तुझी बदली खानदेशात." भिकोबाची आई अंथरुणाला खिळलेली. बदली म्हणजे तिला टाकून जाणं.

*

आषाढात शिवणीच्या झाडांची रोपं आली. रोपं कसली, काटक्या! पान एक नाही. वीतभर मूळ आणि वर इंचभर खोड. भिकोबा खेडला गेलेला. आम्ही सगळे उसाची बेणी सरीत आडवी पुरणारे. सरी पाडली, काटक्या आडव्या निजवल्या, माती ओढली.

भिकोबा आला. टेकडीवर काहीच दिसेना.

"रोपं कुठायत?"

"निजवली."

"निजवली? आरं, झाडं हायती का तान्ही पोरं!"

दोन दिवस उकरून उभी करत होतो.

*

टोळीत धोंडाबाई होती, तोंडाची फाटकी. टेकडी चराईला बंद झाली तेव्हा पहिल्या हिच्याच शेळ्या हाकलल्या. मग एके सकाळी भिकोबा हिच्याच दारात टोपली घेऊन उभा! बाभळीचं बी शेळीच्या पोटातून आलं की लवकर उगवतं, ते शेळ्या कोंडायच्या वाडग्यात वेचायचं होतं.

धोंडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी शेळीला बंदी, आन् लेंडीला आवतान!"

भिकोबा टोपली टेकवून लेंड्या वेचायला बसला.

*

माघात भिकोबा टेकडीभोवती दहा हात रुंद गवताचा पट्टा आधीच जाळून घ्यायचा. पुढं वणवा आला तर तिथं अडावा म्हणून. पहिल्या वर्षी धूर बघून पाटील काठी घेऊन धावत आले.

"आमाला काडी लावू देत न्हाईस, आन् सोता लावतोस? आमची काडी चोर, तुझी जावई व्हय रं?"

*

रोज दिवस मावळता भिकोबा घरी आला की त्याची आई अंथरुणातून विचारायची, "आज किती रोपं मेली?" भिकोबा म्हणायचा, "एक बी न्हाई."

म्हातारी म्हणायची, "खोटं नगं बोलू. उंबरा वलांडताना तुझा पाय सांगतो."

*

तिसरा फाल्गुन. साहेब यायला चार दिवस उरले आणि भर दुपारी शेजारच्या डोंगरावरनं वणवा आला. ठिणग्या पट्ट्यावरून उडाल्या. वणवा ओल्या पाल्यानं झोडपायचा असतो. आणि आसपास हिरवं म्हणाल तर आम्हीच लावलेली छातीएवढी करंजं! तोवर भिकोबानं कुणाला दात घासायलासुद्धा काडी मोडू दिली नव्हती. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत उभे.

त्यानं टोपी फेकली, पहिली फांदी स्वतः मोडली आणि ओरडला, "बघताय काय? मोडा!"

वणवा विझला. टेकडी वाचली. पण वरच्या दोन रांगांचे नुसते सोट उरले.

साहेब आले. चढून बघतात तर बोडकी करंजं!

"कोणी मोडली?"

"मी, साहेब."

"गार्डनंच? गुन्हा आहे हा. लिहावं लागेल." साहेबांनी वही काढली.

आम्ही म्हटलं, गेला भिकोबा खानदेशात.

धोंडाबाई उतारावर गेली. वणवा झोडपून जळलेल्या फांद्या पदर भरून आणल्या आणि साहेबांच्या बुटांपुढं ओतल्या.

"ल्ह्या की सायेब! ह्यो घ्या मुद्देमाल. आन् ह्यानं खालची किती झाडं वाचली, त्ये बी ल्ह्या."

साहेब खालच्या झाडांकडं बघत राहिले. मग न लिहिताच वही मिटली.

"भिकोबा, यंदा करंज जास्त लाव."