खाली राहिलेलं स्टूल

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो... म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच बिचारा समजणार नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, सांगता येत नाही.

वसईजवळ उमेळ्यात आमची सोसायटी आहे. पूर्वी तिथे बस्त्याव काकांची केळीची बाग होती. बाग गेली, बिल्डिंग उभी राहिली, आणि काका आणि मोनिका मावशी आमच्या खालच्याच मजल्यावर राहायला आले. काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जावं लागे. माझी कंपनी एका संस्थेसाठी रुग्णांच्या गाड्यांचं काम बघते – फोनवर एआय एजंट बाईच्या आवाजात बोलतो, गाडी ठरवून देतो. तो नंबर काकांना मीच दिला.

"गोड बोलते रे तुझी बाई," काका म्हणायचे. "आमची मोनिका जन्मात एवढं गोड बोलली नाय."

"तुमी कदी ऐकून घेतलं?" मावशी आतून ओरडायच्या.

या एजंटच्या हाताशी काही टूल्स असतात – गाडी ठरवणं, वेळ बदलणं, रद्द करणं. प्रत्येक टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही, हे लिहायचं काम माझं. एजंटला दुसरं काही दिसत नाही. आम्ही लिहू तेवढंच त्याचं जग. रद्द करण्याच्या टूलला मी एकच ओळ लिहिली होती – 'रुग्णाची फेरी रद्द करते.' प्रत्यक्षात त्या टूलने रुग्णाच्या पुढच्या सगळ्याच फेऱ्या रद्द व्हायच्या. मला ते माहीत होतं. नंतर नीट लिहू, म्हणून सोडून दिलं.

एका शुक्रवारी काकांची मुलगी माहेरी आली होती, तीच त्यांना नेणार होती. काकांनी फोन करून तेवढ्या दिवसाची गाडी नको म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी मी बाल्कनीत उभा होतो. काका गेटपाशी त्यांच्या निळ्या प्लास्टिकच्या स्टूलवर गाडीची वाट बघत बसले होते. मी हात केला. त्यांनीही केला. मी आत जाऊन लॅपटॉप उघडला.

गाडी आलीच नाही. ऊन चढेपर्यंत बसून काका वर गेले. उद्या रिक्षाने जाऊ, म्हणाले. तो उद्या उजाडलाच नाही... रात्रीच छातीत पाणी भरलं, आणि काका गेले.

मातीच्या वेळी चर्चच्या आवारात मुलगी कोणाला तरी सांगत होती, "संस्थेत फोन केला तर म्हणाले, तुमच्या नावावर एकही गाडी नाही." मला तिथेच सगळं कळलं. मी खड्ड्यात मूठभर माती टाकली आणि घरी आलो.

मग गुपचूप त्या टूलचं वर्णन बदललं. 'या टूलने पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात. एका दिवसासाठी हे वापरू नका. आधी रुग्णाला विचारा. रद्द झालेलं परत येत नाही.' ऑफिसात सांगितलं – जरा भाषा सुधारली.

काही दिवसांनी एका दुपारी घरूनच टेस्ट करत होतो. खोटं नाव, खोटा रुग्ण. टाइप केलं – सोमवारची गाडी नको. उत्तर आलं, 'फक्त सोमवारची रद्द करते. बुधवारची चालू राहील.' अगदी बरोबर. पण खाली आणखी एक ओळ होती...

'निळं स्टूल अजून खालीच आहे. वर नेऊन द्याल का?'

मी ऑफिसातल्या तन्वीला फोन लावला.

"सर, मॉडेल आहे ते. फेकतं कधी कधी."

"पण निळं कसं म्हणालं?"

"प्लास्टिकचं स्टूल निळं नाहीतर लालच असतं हो! झोपा जरा."

एजंटला दिलेला सगळा मजकूर मी शोधून पाहिला. स्टूल हा शब्दच कुठे नव्हता. तीच टेस्ट पुन्हा पुन्हा केली. ती ओळ परत आली नाही.

खाली गेलो. गेटपासून कोणीतरी हलवलेलं ते स्टूल मीटर रूमच्या मागे होतं, धुळीने माखलेलं. येता-जाता मी ते कधीतरी पाहिलंही असेल... पण एजंटला कोणी सांगितलं?

स्टूल घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो. मावशींनी दार उघडलं.

"अरे, आनलंस होय! एवढुसं स्टूल उचलून घाम फुटला? कम्प्युटरवाले तुमी!" हातानेच त्यांनी धूळ पुसली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी ह्यांना धरून वर आनलं, हे तिथंच राहिलं. मग खाली जाऊन बघायचा धीरच झाला नाय. तुला कोनी सांगितलं?"

काकांनीच सांगितलं असं मानून काहींना बरं वाटेल, मला त्याने बरं वाटत नाही. ते असतील तर अजून गेटपाशीच बसले असतील, असंच मनात येतं. पण सांगण्यासारखं दुसरं काहीतरी माझ्याकडे होतं. स्टूल आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"मावशी, काकांची गाडी माझ्यामुळे आली नाही. मी एक ओळ अर्धवट लिहिली, म्हणून त्यांच्या सगळ्या गाड्या रद्द झाल्या. मातीच्या दिवशीच मला कळलं होतं, मी लपवलं. त्या सकाळी त्यांना बसलेलं पाहिलं, हात केला आणि आत गेलो. खाली येऊन विचारलंही नाही. यातलं काहीच आता परत घेता येत नाही. चूक माझी आहे. मी माफी मागतो, मावशी."