होडीतलं इंजिन आणि भावावरून न रडलेला बागायतदार

ती चोरी आजही जशीच्या तशी आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण गोदावरीच्या काठावरून गेलेलं ते डिझेल इंजिन काही विसरत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यांची नातवंडं आज त्याच गावांत सुखानं नांदताहेत.

एकोणीसशे सत्तरनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी नेवाशाकडच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. नदीवरचा पूल आमच्या गावांपासून लांब, त्यामुळे पलीकडच्या बाजाराला जायचं तर होडीशिवाय इलाज नव्हता. वर्षानुवर्षं एक म्हातारा वल्ह्याच्या होडीनं लोकांना पार करायचा. सगळे त्याला तात्या म्हणत. पुढे त्याच्याच पुतण्यानं स्वतःची मोठी होडी बांधली आणि तिच्यात विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन बसवून मागं लोखंडी दांड्यानं पाण्यातला पंखा जोडला. तात्याची होडी नदीच्या मध्यावर येईतो पुतण्या पलीकडे माणसं उतरवून विडी ओढत बसलेला असायचा. मग काय, लोक इंजिनाकडे वळले. तात्या काठावर बसून त्या इंजिनाला शिव्या घालायचा आणि "ह्या धुराड्याला एक दिस बुडवतोच बगा," असं चारचौघांत म्हणायचा.

एका सकाळी इंजिन गायब झालं. पंखा आणि दांडा जागेवर होते, फक्त इंजिनाचे बोल्ट व्यवस्थित सोडवून ते उचललेलं होतं. पुतण्या ठाण्यात आला आणि त्यानं फिर्यादीत सख्ख्या चुलत्याचं नाव संशयित म्हणून दिलं. गावानं तर निकालच लावून टाकला होता, आम्ही फक्त शिक्का मारायचा बाकी होता. हवालदारानं तात्याला आणून लॉकअपमध्ये बसवलं.

मी त्याला समोर घेतलं. काळा, वाळका माणूस, पण दंड वल्ही मारून घट्ट झालेले.

"इंजिन बुडवतो म्हणाला होतास?"

"म्हनलो हुतो की. रोज म्हनत हुतो."

"मग?"

"साहेब, ते उचलाया चार गडी लागत्यात. माज्या होडीत ठिवलं तर इंजिनाच्या आदी मीच बुडंन. आन चोरून करू काय? वल्ह्याला बांधू?"

हवालदाराला हसू आलं, मी डोळे वटारले. तात्या मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, "जेलाचं न्हाई वाटत वो. बापामागं त्या पोराला मीच नदी शिकवली. त्यानं माजं नाव लिवून दिलं. आता सुटलो तरी माज्या होडीत कोन बसंल?"

माझा अनुभव असा की चोर आधी पुरावा विचारतो, आणि निर्दोष माणूस आपल्या नावाची काळजी करतो. हा नियम कायद्याच्या कुठल्या पुस्तकात नाही, पण मला त्यानं क्वचितच फसवलं. वरून निरोप आला होता की कबुली घ्या आणि प्रकरण मिटवा. मी उत्तर धाडलं, तपास चालू आहे. स्टेशन डायरीतही तेच लिहिलं.

गावाचं एक चुकत होतं. ते सगळे इंजिनाचा राग कुणाला होता ते बघत होते. मी बघायला निघालो की इंजिनाची गरज कुणाला होती. त्यासाठी नगर गाठलं आणि इंजिनं विकणाऱ्या पेढ्यांवर चौकशी केली. तिथं दुकानदारांनी माझ्यापुढे सगळा बाजार मांडला. पुतण्याचं इंजिन होतं तसली जड, संथ चालणारी, पाण्यावर थंड होणारी इंजिनं आता मागे पडत होती. त्यांचे सुटे भागही मिळेनात. नवी आली होती ती वजनाला हलकी, वेगानं फिरणारी, काही तर पाण्याशिवाय नुसत्या हवेवर थंड होणारी. आणि भाव? आज सांगितलेला उद्या राहत नव्हता. दुकानदार स्वतःच हात जोडून सांगायचे, घ्यायचं तर आत्ता घ्या. म्हणजे ज्याचं जुन्या बनावटीचं इंजिन मोडलं आणि नवं घ्यायला ज्याचा जीव होत नाही, असा माणूस मला हवा होता.

खबर दिली ती म्हशी भादरणाऱ्या एकानं. हा गडी वस्तरा घेऊन वस्तीवस्तीवर फिरायचा, त्याच्या कानातून काही सुटायचं नाही. तो म्हणाला, "साहेब, नदीपासनं आत एक बागायतदार हाय. त्याच्या हिरीवर हिरवंगार इंजिन आलंय. नवं घेतलं म्हनतोय. पन नवी इंजिनं फडाफडा बोलत्यात, ह्ये तर दमानं ठोकतंय, म्हाताऱ्यावानी."

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन त्या वस्तीवर गेलो. बागायतदार खाऊनपिऊन सुखी, कांदा आणि ऊस दोन्ही जोरात. त्यानं बाज टाकली, चहा मागवला. इंजिनाचा विषय मी सहज काढला, भावाच्या विहिरीसाठी घ्यायचं आहे म्हणालो.

"ह्ये नवं काय?"

"नवंच. दुकानात जुन्या बनावटीचं एक शिल्लक हुतं, ते आनलं. गेल्या दिवाळीपासनं हिथंच चालतंय."

"भाव काय पडला?"

"लागला आपला जो काय हुता त्यो."

मी चहाचा कप खाली ठेवला. त्या दिवसांत माणूस साधा कंदील घेऊन आला तरी वेशीपासून घरापर्यंत भेटेल त्याला भाव सांगत यायचा. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गेल्या साली केवढ्याला होता, औंदा केवढ्याला झाला, हे ऐकवल्याशिवाय चपला काढायचा नाही. आणि हा गृहस्थ एवढं मोठं इंजिन घेऊन बसला होता, पण भावावरून एक उसासा टाकत नव्हता! मी तिथंच ओळखलं. ज्यानं पैसे मोजलेच नाहीत त्याला महागाई कशी टोचणार?

पण ओळखणं वेगळं आणि कोर्टात सिद्ध करणं वेगळं. इंजिनावरचा नंबर कानशीनं घासलेला, वरून जाड रंग. पावती हरवली म्हणून सांगितलं. मी तालुक्याहून एक फिटर बोलावला, गावातले दोन पंच घेतले आणि त्यांच्यासमोर बागायतदाराला विचारलं, "हे इंजिन कधी नदीवर नेलं होतं?"

"छ्या! ह्या हिरीवरनं हाललं सुदिक न्हाई."

"पाणी कुठलं फिरतं ह्याच्यात?"

"हिरीचं. दुसरं कुटलं आननार?"

ठाण्यात आम्ही विहिरीच्याच पाण्याचा चहा प्यायचो. तो भाग सगळा खाऱ्या, जड पाण्याचा. महिन्याभरात पातेल्याला आतून पांढरा थर धरायचा. बागायतदाराच्या विहिरीवरची जुनी नळी मी वाकून पाहिली, आतून चुना फासल्यासारखी पांढरी होती. मग फिटरला म्हणालो, इंजिनाचं पाणी ज्या पोकळीत फिरतं तिचं झाकण काढ. त्यानं पाना लावला. झाकण निघालं, पण पांढऱ्या थराऐवजी आतून गाळ आला. नदीचा काळा, बारीक गाळ, दिवसेंदिवस साचून घट्ट झालेला, आणि त्यात नखाएवढ्या शिंपल्या. होडीत ते इंजिन गोदावरीचंच पाणी पीत होतं. बाहेरून रंग दिला, पण पोट धुवायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

पंच एकमेकांकडे बघू लागले. एक म्हणाला, "आरं, हिरीत शिंपल्या कवापासनं व्हायला लागल्या?"

बागायतदाराला आम्ही बरोबर घेतलं. ठाण्यात आल्यावर फार वेळ लागला नाही, हातही लावावा लागला नाही. त्याच्या जुन्या इंजिनाची क्रँक मोडली होती. ते मोडकं धूड आम्हाला कडब्याच्या गंजीमागे सापडलं. मी विचारलं, "तुला नवं घ्यायला काय धाड भरली होती?"

तो चिडूनच म्हणाला, "दोनदा नगरला गेलतो साहेब. दोनी येळेला भाव वाढवून सांगितला. शेवटाला म्हनलं, आता ह्यांला एक दमडी द्यायची न्हाई!"

बघा, भाव वाढवला दुकानदारानं आणि राग काढला होडीवाल्यावर. तीन सालगडी आणि बैलगाडी घेऊन त्यानं ते इंजिन नेलं होतं. होडीत ज्या ओंडक्यावर इंजिन बसवलं होतं त्याच्या भोकांशी इंजिनाचे पाय ताडून पाहिले, पुतण्यानं आपला माल ओळखला. मुद्देमाल जमा झाला, आरोपी कोर्टापुढे गेला आणि त्याला शिक्षाही झाली.

तात्याला मी कबुली मिळाली त्याच दिवशी सोडलं. कागद झाला, अंगठा झाला. तो पायरी उतरून गेला तेव्हा मला समाधान वाटलं, खोटं कशाला सांगू. पण बाजाराच्या दिवशी नदीवर गेलो तर तात्याची होडी रिकामी उभी होती. पुतण्याचं इंजिन अजून कोर्टाच्या ताब्यात, तरीही लोक पलीकडच्या गावची होडी येईल म्हणून उन्हात थांबले होते. खरा चोर सापडल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. तरी लॉकअपातून आलेल्या माणसाच्या होडीत पहिला पाय कुणी टाकायचा? पुतण्याही तिथंच, मान खाली घालून उभा होता.

मला ते सहन होईना. मी पुऱ्या युनिफॉर्मात त्या घोळक्यातून खाली गेलो आणि होडीत जाऊन बसलो.

तात्या गोंधळला. "पल्याड काय काम निगालं साहेब?"

"काही नाही."

"मग?"

"मग काय? मला पार कर आणि परत आण."

निर्दोष म्हणून सोडणं हे कागदावर होतं. गेलेलं नाव परत देणं मात्र जिथून ते गेलं तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करावं लागतं, आणि तेही पोलिसाचंच काम आहे. या प्रकरणानं मला हे शिकवलं आणि पुढची सगळी नोकरी मी ते पाळलं.

आम्ही परत काठाला लागलो तेव्हा बाजाराच्या पिशव्या घेऊन बायामाणसं पाण्यापर्यंत उतरली होती. पुतण्या सगळ्यांत पुढे होता, पण त्याचा पाय उचलत नव्हता. तात्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग होडीत आडवं पडलेलं दुसरं वल्हं उचललं आणि त्याच्या अंगावर फेकल्यासारखं करून म्हणाला, "बगतोस काय? मान्सं लई हायेत. धर, बस."