होयाचे वाळके दांडे

माझ्या सासूबाईंचा ठाम विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःच्या मतावर आणि दुसरा होयाच्या वेलीवर. लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हा तिसरी होण्याचा थोडा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

पुरानी बस्तीतल्या आमच्या घराच्या मागच्या खिडकीवर ती वेल कुंडीतून चढलेली होती. जाड, चकचकीत पानं आणि उन्हाळ्यात फिकट गुलाबी फुलांचे झुबके. प्रत्येक फूल मेणाचं करून चिकटवल्यासारखं दिसे. पाहुणे हमखास विचारत, "प्लॅस्टिकचं आहे का?" त्या पाहुण्यांना आमच्याकडे दुसरा चहा मिळत नसे. संध्याकाळी त्या फुलांना गोड वास सुटला की सासूबाई खिडकीखाली पाट टाकून बसत आणि गल्लीतल्या बायकांना हाका मारत. त्यांचं सगळं गणगोत त्या खिडकीशी गोळा व्हायचं.

मग छत्तीसगढ हे नवं राज्य झालं, त्यामागून नवी राजधानी उभी राहिली, आणि माझं ऑफिस उचलून नवा रायपूरला गेलं. रोजच्या बसच्या प्रवासाने माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तिथलं क्वार्टर घ्यायचं ठरलं. नवरा रेल्वेत, त्याला उलटा प्रवास पडणार होता, पण तो काही बोलला नाही. बोलल्या त्या सासूबाई. "मी नाही येत. मले इथं काय झालं?"

झालं हे होतं की आदल्या पावसाळ्यात त्या मोरीत घसरून पडल्या होत्या आणि शेजारीण हाका ऐकून येईपर्यंत तशाच पडून होत्या. त्यांना तिथे एकटं ठेवायला माझं मन धजत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. इतक्या वर्षांत मी मोकळेपणाने भांडले ते फक्त या बाईशी.

खूप मनधरणी झाल्यावर त्या यायला तयार झाल्या, वेलीसकट. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी कैची घेतली आणि वेल साफ करायला बसल्या. पानांच्या बेचक्यातून निघालेले छोटे, बोडके, काळपट दांडे त्यांनी एकेक करून छाटून टाकले. नव्या घरात वाळकं काही न्यायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. जुना झाडू नाही, सुकलेलं तोरण नाही, तसे हे दांडेही नाहीत. एक फांदी मात्र खिडकीच्या जाळीत अशी गुंतली होती की सुटेना. ती त्यांनी वेलीपासून तोडून, न छाटताच तिथे राहू दिली.

नव्या जागी रस्ते रुंद, हवा भरपूर आणि माणूस दिसायची मारामार. भाजीवाला येत नाही, भिंतीवरून कोणी हाक मारत नाही. सासूबाई दिवसभर बाल्कनीत कुंडीजवळ बसून राहू लागल्या. आणलेल्या पिशवीतले कपडे त्यांनी कपाटात लावलेच नाहीत. त्यातूनच लुगडं काढायचं, धुऊन वाळलं की घडी करून त्यातच ठेवायचं. मी एकदा कपाटाचा कप्पा रिकामा करून दिला तर म्हणाल्या, "राहू दे वं. येत्या उन्हाळ्यात वेल फुलली तर समजीन, इथलं पाणी मानवलं. नाही फुलली तर मले माह्या घरी सोडून द्या."

आता माझा जीव टांगणीला. शेणखत झालं, चहाचा चोथा झाला, तांदळाचं धुवण झालं. कुंडी आज उन्हात, उद्या सावलीत. त्या माझ्यावर ओरडत, "काहून हलवून राहिली तिले? बसू तर दे एका जागी!" आणि स्वतः मात्र पानं नसलेला लांब फाटा निघाला की नागवा दिसतो म्हणून तो छाटत. वेल हिरवीगार झाली, पानांनी लदबदली. फूल एक नाही. उन्हाळा असाच सरला.

सासूबाईंनी रागावून, रडून काही केलं नाही. पिशवीच्या वर देवाची डबी ठेवली आणि म्हणाल्या, "चला." आमची पोरगी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतूनच येतं, त्यांच्या पदराला धरून म्हणाली, "आजी, रुक जाओ ना." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पण पाय थांबले नाहीत.

पुरानी बस्तीतलं कुलूप उघडलं. धुळीचा वास. मी झाडू शोधायला मागे गेले आणि माझ्या आधी तिथे पोचलेल्या सासूबाईंची हाक आली. जाळीत अडकून राहिलेल्या फांदीने मोरीच्या ओलसर भिंतीत मुळं धरली होती. शेजारच्यांच्या टाकीचं पाणी त्या भिंतीवरून झिरपायचं, त्यावर ती जगली होती. आणि तिला फुलांचा एक झुबका आला होता.

"पाहून घे," सासूबाई म्हणाल्या. "वेलीनंच सांगतलं, माहं घर कोणतं ते."

त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. हरलो आपण, असं मनात म्हणत मी तो झुबका बघायला जवळ गेले. रागाने बघितलं म्हणूनच कदाचित नीट बघितलं. तो नव्या फाट्यावर नव्हताच. एका जुन्या, काळपट दांड्याच्या टोकाशी लटकला होता, आणि त्या दांड्यावर आधीच्या फुलांच्या खुणा एकीपुढे एक दाटीने उमटलेल्या होत्या. बाजूचा दुसरा दांडा बोडका होता, पण त्याच्याही टोकाला मोहरीएवढ्या कळ्या होत्या.

"आई, हे तेच वाळके दांडे," मी म्हणाले. "वाळलेले नव्हतेच ते. ती दर वर्षी यांच्यावरच फुलते. आपल्या कुंडीतले तुम्ही सगळे कापून टाकले होते."

त्या जाळीतून बोट घालून तो दांडा चाचपत राहिल्या. गल्लीत कोणीतरी मोठ्याने हसलं. मग त्या म्हणाल्या, "आन् ते नागवे फाटे?"

"त्यांच्यावर नवे दांडे धरले असते बहुतेक. मलाही कुठे माहीत होतं."

"म्हणजे तिचा काही दोष नाही. तिनं तिकडं हात पुढं केला, का मी तोडला." त्यांनी डोळे पुसले आणि मग एकदम चिडल्या, "उभी काय राहिली? कुलूप लाव. तिले दांडा धरू दे, तवर राहतो मी तिकडं."

तवर. मी तेवढ्यावरच समाधान मानलं. पिशवी परत आली, पण तिच्यातली लुगडी कपाटात गेली नाहीत.

त्यानंतर कैची माझ्या ताब्यात आणि कुंडी त्यांच्या. मी ती हलवायची नाही, त्यांनी काही कापायचं नाही. लांब फाटे वाऱ्यावर डोलायला लागले. त्यांना बांधायला सुतळी कमी पडली म्हणून सासूबाई पहिल्यांदा आपण होऊन खालच्या मजल्यावर मागायला गेल्या आणि तासभर परत आल्या नाहीत. खालची छत्तीसगढी बाई मग वेल बघायला वर आली. "हव दाई, आही फूल," म्हणजे येईल फूल, असं तिने ठासून सांगितलं आणि त्यांची दोस्ती जमली. संध्याकाळी बाल्कनीत दोन पाट, मग तीन. मी ऑफिसातून येई तेव्हा चहाचे कप घासायला पडलेले असत. मी कटकट करायचे, पण मला मनातून फार बरं वाटायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एका फाट्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्यांचा गुच्छ दिसला. त्या फुगल्या, गुलाबी झाल्या, आणि एका सकाळी झुबका उमलला. नव्या जागी झाडाला आलेलं पहिलं फूल देवाला, हाही सासूबाईंच्या माहेरचाच नियम, आणि तो त्यांनी कधी मोडला नव्हता. पूजेचं ताट घेऊन त्या बाल्कनीत आल्या. झुबका तळहातावर घेतला. दांड्यापाशी नख गेलं. मी तोंडावर हात धरून दारात उभी.

त्या थांबल्या. मग पोरीला म्हणाल्या, "जाय, देव घेऊन ये."

पितळी बाळकृष्ण आला. त्यांनी कुंडीजवळ पाट मांडून त्याला फुलांखाली बसवलं आणि तिथेच पूजा मांडली. फुलातला मधाचा एक थेंब देवाच्या खांद्यावर पडला. तो त्यांनी पुसला नाही.

पोरीने विचारलं, "आजी, अब तो नहीं जाओगी ना?"

"देवाचं होऊ दे आधी," त्या म्हणाल्या. मला ऑफिसला उशीर झाला होता, उत्तर ऐकायला मी थांबू शकले नाही. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी घरी आले, भाजीसाठी कांदे शोधू लागले. टोपलीत नव्हते. दाराआडच्या खिळ्याला सासूबाईंची लुगड्यांची पिशवी टांगलेली होती, आणि कांदे तिच्यात होते.

कांदा चिरायच्या आधीच माझे डोळे वाहायला लागले.