टू-सीटर गाडीत आईचा आवाज

लोक सांगतात, एवढं मनावर घेऊ नको. मी घेतलं आहे, आणि घेणार.

गाडी मला आवडली होती, हेही कबूल करते. जुनी विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, कापडी छत मागे दुमडणारी, रंग पिकल्या जांभळासारखा. भिलाईहून दुर्गला जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामाचं कार ऑडिओचं दुकान आहे आणि मी तिथे वायरिंग करते. अशी गाडी आमच्या शटरसमोर पूर्वी कधी उभी राहिली नव्हती. तिचा मालक साठीचा, ठेकेदारीत वर आलेला माणूस. रविवारी रायपूरला जुन्या गाड्यांची रॅली होती आणि त्याला गाडीत आजच्या काळाचा आवाज हवा होता. अट एकच. डॅशबोर्डला नवं भोक पडता कामा नये. जुना रेडिओ दिसायला होता तसाच दिसला पाहिजे.

मामाने अट पाळली. रेडिओचं खोकं आतून रिकामं करून त्यात नवा रिसीव्हर बसवला, अ‍ॅम्प्लिफायर सीटमागे लपवला. दाराच्या पत्र्याआड मी जाड लोकरी नमदा चिकटवत होते, म्हणजे गाडी पळताना पत्रा खडखडू नये. चिकटवता चिकटवता मी मामाला हाक मारली, "मामा, इथं अजून एक तुकडा लागते का?"

मालक स्टुलावरून उठलाच. "अरे! मराठी का तुमी? कुठले?"

"भंडाऱ्याकडचे," मामा म्हणाला. "बाबा स्टील प्लांटमध्ये लागले, तवापासून इथंच."

"आमी गोंदियाचे! माहे बाबाबी प्लांटमधलेच. सेक्टर सहात लहानाचा मोठा झालो मी. म्हणजे आपलेच लोक की हो!"

त्यानंतर तो रोज दुपारी येऊन बसायला लागला. मामाला 'भाऊ' म्हणायचा, मला 'पोरी'. घरून करंज्या आणल्या. आमच्या माठातलं पाणी आमच्याच ग्लासात प्यायला. "रायपूरले मराठी बोलाले कोणी भेटत नाही, भाऊ. पोरंबी हिंदीच फाडून राहिले. जिभेले गंज चढला होता." हे ऐकताना मलाही बरं वाटत होतं. आम्हीही बाहेर हिंदीच बोलतो. मराठी घरात आणि दुकानाच्या आत. आडनाव त्याने विचारलं नाही. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस आहे. खरं तर त्याने आमचं आडनाव मनातल्या मनात स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आता मामाची पद्धत सांगते. सिस्टीम बसवून झाली की आवाज जुळवायचा असतो. कोणता स्पीकर किती, कोणता आधी, कोणता जरा उशिरा. हे काम तो गाडीच्या मालकाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून करतो, कारण आवाज शेवटी त्याच कानांशी नीट जुळायला हवा. आणि गाणं लावतो ते एकच. माझ्या आईचं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीचं. आई आता नाही. आम्ही बौद्ध, आमच्या विहारात जयंतीला ती गायची. त्यातलं एक गाणं मामाने टेप केलं होतं, ते आता पेन ड्राइव्हवर आहे. नुसती पेटी, ढोलकी आणि तिचा आवाज. "हा आवाज मी समोर बसून ऐकला आहे," मामा म्हणतो, "म्हणून तो गाडीत कसा यायले पायजे, हे मले समजते." ठेकेदारांच्या जीपा, वरातीच्या डीजेगाड्या, सगळ्या त्याने याच गाण्यावर जुळवल्या आहेत.

शुक्रवारी मालक सीटवर बसला आणि मामाने गाणं सुरू केलं. आधी पेटी आली, मग आईचा आलाप. त्याने डोळे मिटले. "वा भाऊ! काय गळा आहे. कोण बाई आहे?"

"माही बहीण."

मग ध्रुवपद आलं. गाणं कोणाचं आहे, कोणत्या लोकांचं आहे, हे त्यात लपत नाही. त्याचे डोळे उघडले. हात रेडिओकडे गेला आणि त्याने आवाज बंद केला.

"ये सब क्या लगा दिया, भैया?"

हिंदी! इतके दिवस जिभेचा गंज उतरवत बसलेला माणूस एका ध्रुवपदात हिंदीवर गेला. भाऊचा भैया झाला.

"नया सिस्टम है। पहले भगवान का कुछ बजना चाहिए। ये निकालो।"

माझ्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. सभेची, संपाची, मोर्चाची. वाचायला मी त्यांवरच शिकले, त्यामुळे गप्प बसणं मला कोणी शिकवलंच नाही. मी म्हणाले, "काका, मराठीत बोला ना. काल तं बोलत होते."

"बेटा, बड़ों के बीच में नहीं बोलते।"

मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा वायरी उपसणार. मामा फडक्याला हात पुसत होता. "साहेब," तो म्हणाला, "बसवणं झालं. जुळवणं बाकी आहे. ते मी याच गाण्यावर करतो."

"अरे, गाना ही तो बदलना है। इतनी सी बात है!"

"इतकीशीच बात आहे, त वाजू द्या ना."

तो सीटवरून उतरला. गाडी तिथेच सोडून रिक्षाने गेला. स्टुलावर त्याचा चहा अर्धाच होता.

शनिवारी सकाळी आला, आणि पुन्हा मराठीत! "भाऊ, राग नका धरू. उद्या रॅली आहे. तुमी तुमचं गाणं लावा, जुळवा आरामात. मी तवर पलीकडं टपरीवर चहा घेतो."

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हणजे गाणं त्याच्या गाडीत वाजलं तर चालेल, फक्त त्याला ते ऐकावं लागू नये. आमचे हात त्याला हवे होते, नमद्याचे तुकडे कापणारी माझी बोटं हवी होती, आमच्या तोंडची मराठीही हवी होती. माझी आई तेवढी नको होती.

"टपरीवरून नाही जमत," मामा म्हणाला. "आत बसा लागते. पूर्ण गाणं."

"तुमीच बसा ना माह्या जागी."

"गाडी कोण चालवते? तुमी का मी?"

तो दारापाशी उभा राहिला. एक हात दारावर, दार अर्धं उघडं. मी मनात म्हणत होते, बस, बस ना, एका गाण्याचा तर प्रश्न आहे; आणि त्याच वेळी, नकोच बसू, असंही म्हणत होते. मामा पेन ड्राइव्ह हातात धरून थांबला होता. घाई नाही, विनवणी नाही.

"किल्ली द्या," मालक म्हणाला.

मामाने दिली. छत दुमडून, स्वतःच्या फोनवरचं गाणं लावून तो निघाला. सगळा आवाज पायाजवळून येत होता, नुसती धबधब, गाणारा कुठेतरी गालिच्याखाली कोंडल्यासारखा. ज्याला डॅशबोर्डवर स्क्रूएवढं भोक सहन होत नव्हतं, त्याने हे सहन केलं.

"निदान अ‍ॅम्प्लिफायर तरी काढून घ्याचा होता," मी मामावर ओरडले.

"कावून? गाडीनं काय बिघडवलं तुहं?"

गाडीने काहीच बिघडवलं नाही. मामा पुढच्या जीपचं दार उघडायला गेलासुद्धा. मला तसं लगेच पुढच्या कामाला लागता येत नाही आणि यायलाही नको आहे. आपुलकी दाखवण्याआधी माणसाने आडनाव विचारून घ्यावं, म्हणजे निदान त्याच्या करंज्या तरी समोरच्याच्या घशाखाली उतरत नाहीत.